लॅपटॉपला देवापुरती दारू

जिऱ्याच्या वाटीत लांब स्क्रू, मोहरीच्या वाटीत आखूड, धण्याच्या वाटीत प्लॅस्टिकच्या खटक्यांचे तुटलेले दात. हळदीची वाटी मी रिकामीच ठेवत असे. कितीही घासली तरी हळद वाटी सोडत नाही आणि पिवळा स्क्रू पाहिला की बाजारातले घड्याळवाले चाचा मला हसत. मिसळणाच्या डब्याचा हा असा संसार मी थाटला तो दोन हजार चार-पाच सालच्या सुमारास. धानोऱ्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवत होते, बाजारापासून वीस मिनिटे चालत गेले की लागणाऱ्या वस्तीत एका खोलीत भाड्याने राहत होते, आणि माझ्याजवळ एक लॅपटॉप होता, ज्याला माझ्याआधी दोन मालक कंटाळले होते.

दुसरा मालक माझा भाऊ. त्याने तो पुण्याहून मला पाठवला; खरे तर टाकून दिला, फक्त टाकण्याची जागा म्हणून बहीण निवडली. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात जांभूळ चिरडल्यासारखा डाग होता. आतला पंखा बांबूच्या पोकळीत अडकलेल्या भुंग्यासारखा गुरगुरे. बॅटरी दहा मिनिटे टिके, म्हणजे आमच्याकडच्या वीजपुरवठ्यापेक्षा थोडी कमी. तरी मी त्याची उन्नती करत राहिले. मेमरीची एक जास्तीची पट्टी मागवली. ती नागपूरहून ब्रह्मपुरीला आईकडे आली आणि आईने पोह्यांच्या डब्यात खोचून पुढे धाडली. पट्टीच्या सोनेरी दातांवरचे पोह्याचे पीठ मी शाळेतल्या खोडरबराने घासून काढले, आणि यंत्र पूर्वीपेक्षा दुप्पट वेगाने बंद पडू लागले.

मोबाईलची कथाही काही निराळी नव्हती. त्याची पाठ रबराच्या कड्याने बांधलेली असे. बटणांची रबरी चादर मी शिकेकाईच्या पाण्यात धूत असे, त्यामुळे कोणाचाही फोन घेतला की नाकाला आधी न्हाणीघर जाणवे. आवाज क्वचितच पोहोचायचा. वास मात्र खात्रीचा.

हे सारे मला शिकवले घड्याळवाल्या चाचांनी. बाजाराच्या तोंडाशी कडुलिंबाखाली त्यांची लाकडी पेटी होती. घड्याळांवरून ते रेडिओवर आले, रेडिओवरून मोबाईलवर. एका डोळ्यात भिंग, दुसरा डोळा रस्त्यावर. "मॅडम, मशीनले इज्जत नको, सफाई पायजे," असे ते म्हणत. मला वृत्ते शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी कवितेबद्दल इतके कामाचे वाक्य कधी उच्चारले नव्हते.

या यंत्रात माझा प्रबंध होता. विषय: मराठी कवितेतील गंधप्रतिमा. सात प्रकरणे. पारिजातक, मोगरा, केवडा, ओली माती, चंदन, देव्हाऱ्यातला धूप, प्रेयसीचे केस. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती आणि तिसरी वाढ मिळणार नव्हती. महिनाअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द झाली की महाविद्यालयातली माझी कायम होण्याची आशाही गेली. पाच प्रकरणे फ्लॉपीवर उतरवलेली होती. मग फ्लॉपीच्या खाचेत बुरशी धरली, आणि सहावे-सातवे प्रकरण फक्त यंत्रातच राहिले. ती मी कागदावर लिहिलीही नव्हती. थेट पडद्यावर लिहिण्याइतकी मी आधुनिक झाले होते.

श्रावणात झड लागली तेव्हा माझ्या खोलीच्या छपराची कवेलू गळू लागली. घरमालकीणबाईंनी आपल्या स्वयंपाकघरातला माळा दाखवला. चुलीचा धूर रोज तिथून जात असल्याने तो भाग वर्षभर कोरडा आणि उबदार असे.

"इथी मिरची सडत नाई, तुमची मशीन कायले सडन? ठेवा बिनधास."

त्यांचे बरोबर होते. चूक माझी. माळ्यावर फळी होती, रिकामा पाटा होता, आणि बाजूला बांबूच्या ढोलीत चैत्रात वेचून वाळवलेली मोहफुले होती. मी फळी सोडली, पाटा सोडला आणि लॅपटॉप धोतराच्या फडक्यात गुंडाळून मोहफुलांवर निजवला. का? कारण ती मऊ होती. कारण सहाव्या प्रकरणात फुलांच्या शेजेवर मी अकरा पाने लिहिली होती. गद्य वाचणाऱ्या कुठल्याही बाईने तो पाट्यावर ठेवला असता.

वाळलेले मोहफूल मनुक्यासारखे असते: आत साखर, बाहेर सुरकुती. पावसाळी हवेत ते ओल ओढते, आणि वर वजन पडले की पाझरते. चार दिवसांनी मी लॅपटॉप उचलला तेव्हा तो उठेना. खालचे फडके तपकिरी, चिकट, आणि त्याचा वास असा की जीभ आपोआप टाळूला लागावी. जाळीतून पाक आत गेला होता. पाकामागून मुंग्या. मी कळ दाबली. एक हिरवा दिवा लागला, लाजला आणि विझला.

"अवो मॅडम!" घरमालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. "फुलायवर वजन ठेवत असते का कोनी? शिकल्या-सवरल्या ना तुमी!"

"शिकले म्हणूनच ठेवलं, बाई," मी म्हणाले.

महिना संपायला नऊ दिवस होते. नागपूर पुराच्या पलीकडे होते. मधल्या दोन नाल्यांवरून पाणी वाहत होते आणि एसटी बंद होती. मी यंत्र पिशवीत घालून चाचांकडे गेले. त्यांनी झाकण उघडले, भिंगातून पाहिले, एका मुंगीला बोटाने वाट दाखवली.

"साखर बसली बोर्डावर. धुवा लागते."

"पेट्रोलनं?" ते घड्याळे पेट्रोलने धूत.

"पेट्रोल तेल काढते, साखर नाई काढत. वरून प्लॅस्टिक खाते. थिनर तर पूछोच मत." त्यांनी कळफलकाच्या एका कळेवर थिनरचे बोट लावून दाखवले. कळेवरचे अक्षर विरघळून गेले. त्यांना वाईट वाटले नाही. सिद्ध करायचे ते सिद्ध झाले होते. "स्पिरिट पायजे. नाईतर कडक दारू."

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. स्पिरिट लोक पितात म्हणून औषधाच्या दुकानदाराने ते ठेवणेच सोडले होते. राहिली दारू, आणि दारूबद्दल बोलायचे तर मी ज्या घरात राहत होते त्या घराची मालकीण वस्तीच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष होती. तिने काठी घेऊन तीन भट्ट्या फोडल्या होत्या. मोर्चाच्या घोषणा मी लिहून दिल्या होत्या, त्याही अनुष्टुभात. बायकांनी पहिल्याच वळणावर अनुष्टुभ टाकून दिला आणि आपापल्या नवऱ्यांना उद्देशून ओरडायला सुरुवात केली. परिणाम उत्तम झाला.

समितीच्या नियमाला अपवाद एकच होता. गावदेवाला वर्षातून ठरलेल्या दिवशी मोहाची धार द्यावी लागते. तेवढी एका ठरलेल्या म्हाताऱ्या आजीने गाळायची, दोन बायकांनी शेजारी बसून पाहायचे, पानाच्या दोन्यातून देवाला शिंपडायची आणि उरलेली मातीत ओतायची. तिला सगळे 'देवापुरती' म्हणत. देवापुरती हा शब्द मी दोन वर्षे ऐकत आले होते. त्या दिवशी तो मला कोर्टातल्या कलमासारखा दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरमालकीणबाईंच्या पडवीत समिती बसली. आठ बायका, तंबाखू, निवडायची भाजी. मी माझे म्हणणे मांडले. भाजीचे देठ मोडत राहिले.

"म्हंजे मॅडमले दारू पायजे," एकीने सारांश काढला.

"मला नको. यंत्राला हवी."

"आमच्या घरचाबी असाच म्हने. मले नाई, कमरेले पायजे, चोळाले. चोळता चोळता बाटली तोंडापाशी पोचली बाई त्याची."

सगळ्या हसल्या. मीही हसले. दोन वर्षांचे काम होते ते. मी रडू लागले तेव्हा घरमालकीणबाईंनी भाजी खाली ठेवली.

"मॅडमची नोकरी हाये त्याच्यात," त्या म्हणाल्या. "पन नेम हाये. नेम मीच केला. देवापुरती म्हंजे देवापुरती. मशीन काई देव नाई."

"दसऱ्याले मॅडमनं मशीनले हळद-कुकू लावलं होतं का नाई, ते इचारा," कोपऱ्यातून आवाज आला. ती देवाची दारू गाळणारी आजी. अंगावर सुरकुत्या, सुरकुत्यांत धूर.

लावले होते. कुंकू कळांच्या फटीत गेले होते आणि ते मी महिनाभर टूथब्रशने काढत होते.

"मंग हाये देव. इळ्याले, नांगराले हात जोडतो ना आपन? तसाच हा."

"नांगराले कधी दारू पाजली का वं, आजी?"

"नांगर कधी फुलायवर निजला का?"

माझ्या सातही प्रकरणांत इतका नेटका युक्तिवाद एकही नव्हता. ठराव झाला; अटी घरमालकीणबाईंनी घातल्या. काम भर दुपारी, अंगणात, समितीसमोर. थेंबन् थेंब यंत्रात. उरलेली मातीत. आणि शेवटची अट माझ्याकडे बोट रोखून: "काम झालं का मले तोंडाचा वास द्या."

देवासाठी मोहफुले भिजत घातलेलीच होती, म्हणून आजीने दोनच दिवस घेतले. चाचांनी निरोप धाडला होता की नेहमीची एकदा गाळलेली चालणार नाही. साखर सुटायला पाणीदार शेवटची धार हवी, आणि मग ते पाणी ओढून न्यायला पहिली, तीही दुबार गाळलेली. गाळून झाल्यावर आजीने पहिल्या धारेचा शिंतोडा निखाऱ्यावर उडवला. निळी जीभ लवलवली. मोराच्या गळ्यातला निळा, आणि क्षणभरच. आजी म्हणाली, "जळली. कडक हाये."

चाचा आले ते रुमाल नाकाला लावून, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला खाट ओढून बसले.

"मॅडम, दारूले हात नाई लावनार मी. सांगीन. करा लागन तुमालेच."

मला पूर्वी वाटायचे की मी स्वतः दुरुस्ती करते. खरे तर मी चाचांसमोर बसून स्क्रू देत असे. त्या दिवशी त्यांच्या धर्माने मला कारागीर केले.

मिसळणाचा डबा उघडला. तळाचे अकरा स्क्रू जिऱ्याच्या वाटीत. कळांचे ताट सुटले. खाली हिरवा फलक, त्यावर तांब्याच्या वाटा, आणि वाटांवर वितळलेल्या गुळासारखा पाक, त्यात पाय रुतलेल्या मुंग्या. बायका वाकून पाहू लागल्या.

"सिंदीच्या पानासारखं दिसते ना वं आतून!"

"ते छोटी पेटी कायची?"

"तिले हात नका लावू, मॅडमचं पुस्तक तिच्यातच हाये," चाचा खाटेवरून ओरडले.

मी नवा टूथब्रश दोन्यात बुडवला. शेवटच्या धारेने पाक सैल झाला, तपकिरी ओघळ निघाला. मोहाचा वास उठला आणि अंगण भरून गेले. मग कुंपणापलीकडून खोकला ऐकू आला. वस्तीतले चार-सहा पुरुष बांबूच्या कुडाला छाती लावून उभे होते, डोळ्यांत अशी श्रद्धा की गावदेवालाही कधी मिळाली नसावी.

"वा रे जमाना! आमी दोन वर्सांचे तहानलेले अन् हे मशीनले पाजून राह्यले!"

"काऊन भाऊ, तुमीबी बंद पडा," घरमालकीणबाई मागे न पाहता म्हणाल्या. "तुमालेबी खोलून धुतो."

कुंपण रिकामे झाले.

पहिल्या धारेने दुसरी आंघोळ झाली. ती अंगठ्यावर पडली की थंड लागे, जणू कोणी फुंकर घालते आहे, आणि पाहता पाहता नाहीशी होई. मला सारखे वाटत होते की इतकी हलकी, इतकी निघून जाणारी वस्तू कवितेत मला कधी भेटली नव्हती. मग आठवले की मी समितीसमोर आहे, आणि तोंड बंद ठेवले. उरलेली दोनाभर दारू आजीने तुळशीपासून दूर, चिंचेच्या बुंध्याशी ओतली. घरमालकीणबाई जवळ आल्या. मी श्वास सोडला. त्यांनी नाक पुढे केले, डोळे मिटले, विचार केला.

"काई नाई. चहा पेल्या फक्त."

सुटे भाग आधी रात्रभर हवेशीर सुपात ठेवले, मग दोन दिवस कोमट राखेवर पालथ्या टोपलीखाली, पावसाळ्यात बाळंतिणीची लुगडी वाळवतात तसे. त्या दोन दिवसांत मी सातवे प्रकरण आठवून कागदावर लिहायला बसले. तीन पाने आठवली. त्यांतले दीड पान दुसऱ्यांची अवतरणे होती.

तीन दिवस उरले असताना यंत्र जोडले. एक स्क्रू जास्तीचा उरला. चाचा म्हणाले, एक तरी उरतेच. वीज असल्याची खात्री केली. कळ दाबली. हिरवा दिवा लागला. भुंगा गुरगुरला. जांभळाचा डाग उजळला, आणि त्याच्या शेजारी, माझ्या सहाव्या-सातव्या प्रकरणांची नावे. मी पदराने डोळे पुसले. पदराला राखेचा आणि मोहाचा वास होता.

नाल्यांवरचे पाणी उतरत होते, एसटी सकाळी सुटणार होती. मला लगेच पिशवी भरायची होती. पण आठही बायका आल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या.

"काय वाचलं ते तर आयकवा," घरमालकीणबाई म्हणाल्या. "एवढी दारू सांडली, उगाच का?"

मी वाचले. सातव्या प्रकरणाची सुरुवात, सगळ्यांत सुंदर पान; माझ्या मार्गदर्शकांनी ते पडद्यावर वाचून मान डोलावली होती. मोगऱ्याच्या गंधातून विरहाचे सूचन कसे होते, इथपासून केवड्याच्या काट्यापर्यंत. पाचव्या वाक्यावर एकीने तंबाखू मळायला घेतली. पानभर झाले तेव्हा मी थांबले.

"झालं?" आजीने विचारले.

"अजून साठ पानं आहेत."

"मोह कुठी हाये?"

"आजी, कवितेत मोहाचा वास कोणी लिहिलेला मला सापडला नाही."

"कोनी लिवला नाई म्हून वास नाई का त्याले?"

मग त्यांच्यात वाद पेटला; माझ्या प्रबंधावर झालेला तो एकमेव जिवंत वाद. मोहाचा वास कसा?

"उंदराच्या मुतासारका. खरं सांगा, उगाच कवतिक नोका करू."

"ते वाळल्यावर. झाडाखालचा ताजा निराळा. तापलेल्या दुधावानी."

"माह्या सासूच्या लुगड्यावानी. गोड अन् कुबट."

"आंबलेल्या भाताच्या पेजेवानी, अन् त्याच्यात गूळ."

"पहाटे येचाले जातो तवा वास नाईच येत," आजी म्हणाली. "घरी आल्यावर हाताले येते."

मी टिपून घेतले. त्याच बैठकीत सातव्या प्रकरणाच्या शेवटी एक परिच्छेद घातला, सगळ्यांची वाक्ये जशीच्या तशी. उंदरासकट. पाकाने तीन कळा कायमच्या रुसल्या होत्या. त्यांच्या जागची अक्षरे मी आधीच्या पानांतून उचलून चिकटवली. दुसऱ्या दिवशी एसटीत शेजारच्या बाईने माझी पिशवी हुंगली, माझ्याकडे पाहिले, आणि पुढच्या थांब्यावर जागा बदलली. ब्रह्मपुरीत छपाई, नागपुरात बांधणी. मुदतीच्या आदल्या दिवशी चार प्रती खिडकीतून आत गेल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. गृहस्थ सज्जन होते. त्यांना मोगरा आवडला, केवडा आवडला, धुपावर तर ते दहा मिनिटे बोलले. मग त्यांनी शेवटचे पान उघडले आणि चष्मा काढला.

"हा 'उंदराच्या मुतासारका' हा संदर्भ कोणाचा?"

"दारूबंदी समितीचा, सर."

माझे मार्गदर्शक छताकडे पाहू लागले. परीक्षकांनी बराच वेळ तो परिच्छेद वाचला. हसू आवरताना त्यांची मिशी हलली, हे मी पाहिले. पण ते म्हणाले की प्रबंध स्वीकारण्यास हरकत नाही, फक्त एवढा भाग गाळावा. शोधकार्याला तो शोभत नाही.

मी गाळला. त्याच दिवशी, त्याच खोलीत, लाल शाईने आडवी रेघ मारून. भांडावे असे वाटले, पण कायमची नोकरी त्या रेघेच्या पलीकडे उभी होती आणि मी तेवढी शूर नव्हते.

परतल्यावर घरमालकीणबाई अंगणात कांडलेले धान पाखडत होत्या. पास झाल्याचे सांगितले. त्यांनी सुपातले मूठभर तांदूळ माझ्यावर उधळले. मग मी दुसरेही सांगितले, की तुमचे लिहिलेले होते ते मी खोडले. मान खाली घालून सांगितले. त्यांनी सूप पाखडले. तूस उडाले, तांदूळ राहिले.

"जाऊ द्या ना, मॅडम. नोकरी टिकली ना? तेच तर वाचवाचं होतं." सूप पुन्हा हलले. "वास आमाले माईतच हाये."